अर्ध्या कोयत्याचं घर

बीड जिल्ह्यातल्या केज आणि धारूर तालुक्यांत घरातला कर्ता माणूस गेला, की तेराव्यापर्यंत ओसरीवर माणसं मावत नाहीत. चौदाव्या दिवशी तेच घर रिकामं होतं. पाहुणे परततात, भावकी आपापल्या कामाला लागते. उरतात एक बाई, दोन-तीन लेकरं, बहुधा एक म्हातारी सासू आणि खुंटीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. घरातली सगळी कागदं त्या पिशवीत कोंबलेली असतात: आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुकं, मुलांचे शाळेचे दाखले, सोसायटीच्या नोटिसा, कधी एखादं न उघडलेलं पाकीट. ताईंचं काम त्या पिशवीपासून सुरू होतं.

ताई या भागातल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्या आहेत. गावोगाव सगळे त्यांना ताईच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव. ज्या घरांविषयी पुढे लिहिलं आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. संस्थेचा व्याप फार मोठा नाही. दोन खोल्यांचं कार्यालय, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या पूर्णवेळ कार्यकर्त्या, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या देणग्या. वार्षिक अहवालात कामाचे तीन रकाने असतात: शिक्षण, अर्थसाहाय्य आणि मूलभूत गरजा. ताईंना हे रकाने लिहिताना दरवर्षी अडायला होतं. किराणा संपला म्हणून मुलगी शाळा सोडते, शाळा सुटली की तिचं लग्न ठरतं, लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती फेडायला आई उसाच्या फडावर जाते. मग ही मदत कुठल्या रकान्यात टाकायची?

पहिल्या भेटीत त्या फॉर्म काढत नाहीत. सोबत किराणा असतो: ज्वारी, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ, साखर, चहापत्ती, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड. ज्वारीबद्दल त्या आग्रही असतात. शहरातून तयार होऊन येणाऱ्या पाकिटांमध्ये तांदूळ आणि मैदा असतो. इथल्या चुलीवर भाकरी होते. चहा होतो, सासू गेलेल्या लेकाबद्दल बोलते, ते ऐकून घ्यायचं. उठताना मात्र एक प्रश्न विचारायचाच. "बाई, ह्यांचं पासबुक कुठंय?"

हा प्रश्न त्या का विचारतात, हे एका घरातल्या गोष्टीवरून कळतं. नवरा छातीत दुखून गेला होता. विमा वगैरे काही नाही, असं घरच्यांनी ठामपणे सांगितलं. पासबुक दिराकडे होतं. ते मिळायलाच दोन हेलपाटे झाले. ताईंनी नोंदी वरून खाली वाचल्या आणि मे महिन्यात कापलेल्या ४३६ रुपयांवर बोट ठेवलं. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हा वर्षाचा हप्ता. २०१५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा तो ३३० रुपये होता, २०२२ पासून ४३६ आहे. खातं उघडताना बँकेतल्या माणसाने सही घेतलेली असते, दरवर्षी पैसे आपोआप कापले जातात, आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता तर वर्षाला २० रुपये, आणि तो अपघाती मृत्यूसाठी आहे. वीस रुपयांची ओळ नजरेतून सहज निसटते, म्हणून ताई पासबुक नेहमी छापून, अद्ययावत करून घेतात आणि मग वाचतात.

त्या घरात पुढे अडचण निघाली. वारस म्हणून नाव होतं आईचं. खातं लग्नाआधी उघडलेलं होतं, नंतर नाव बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं. हे असं सर्रास होतं. पैसे सासूच्या खात्यावर येणार म्हटल्यावर सुनेचे डोळे भरले, आणि दिराचा आवाज अचानक मऊ झाला. ताईंनी कोणाची बाजू घेतली नाही. त्या सासूशेजारी बसल्या आणि नातवंडांची चौकशी करत राहिल्या. मोठा कितवीत, धाकटीला कोणता विषय आवडतो, ऊसतोडीला गेलात तेव्हा ही कुणाजवळ होती. म्हातारीनेच शेवटी विषय काढला. दोन्ही नातवंडांच्या नावावर ठेव ठेवायची आणि थोडे पैसे हाताशी राखायचे, असं ठरलं. दिराला ते आवडलं नाही. पण ठेव झाली.

या कामात कायदा जितका लागतो, तितकीच सासू लागते, असं ताईंचं मत आहे. विधवा सुनेची बाजू घेऊन सासरशी भांडण उभं करणं सोपं आहे. पण भांडून संस्थेची माणसं जीपमध्ये बसून निघून जातात आणि ती बाई त्याच अंगणात राहते. म्हणून जिथे मारहाण आहे, घराबाहेर काढलं आहे, तिथे त्या पोलीस ठाण्यापर्यंत जातात. एरवी त्या सासूला सोडून एकही निर्णय होऊ देत नाहीत.

रेशन कार्ड हे दुसरं काम. नवऱ्याचं नाव कमी करायचं, आणि सासरपासून विभक्त व्हायचं असेल तर बाईच्या नावाने वेगळं कार्ड काढायचं. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. तीन माणसांच्या घरात या दोन कार्डांमधला फरक २० किलोंचा, म्हणजे महिनाभर चूल पेटण्याचा. शहरातल्या एखाद्या देणगीदाराने दिलेलं किराण्याचं पाकीट तीन आठवडे पुरतं. नीट झालेलं रेशन कार्ड वर्षानुवर्षं पुरतं. ताईंना पाकीट वाटण्यापेक्षा पुरवठा शाखेत दिवस घालवणं जास्त मोलाचं वाटतं ते यामुळे. पण कार्ड होईपर्यंतचे दोन-तीन महिने कोणी काय खायचं, या प्रश्नाला पाकीट हेच उत्तर असतं. संस्थेच्या पैशाचं खरं काम या मधल्या काळात आहे.

मधला काळ सगळीकडेच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, निराधार अशांना तिच्यातून दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती १,५०० रुपये झाली. अर्ज तहसीलमध्ये द्यायचा, तो समितीपुढे जाणार, मंजूर झाला की पैसे खात्यावर. हे सगळं व्हायला कित्येक महिने लागतात, आणि मग दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात. संस्थेने यासाठी एक बिनव्याजी निधी ठेवला आहे. अर्ज दाखल झाल्याची पावती दाखवली की त्या बाईला दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि अनुदान सुरू झाल्यावर ती जमेल तशी परत करते. हे पैसे बुडतील असं संस्थेच्या विश्वस्तांपैकी काहींना वाटत होतं. बायकांनी ते परत केले. उशिरा केले, पन्नास-शंभर करत केले, पण केले.

या योजनेची एक अट मात्र ताईंना मनस्वी चीड आणते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला १,७५० रुपये. वर्षभर रोजंदारीला जाणाऱ्या बाईने आपला हिशेब खरा मांडला तर ती या आकड्याच्या वर जाते. म्हणजे पोटासाठी राबणाऱ्या बाईने एक तर खोटं बोलावं, नाही तर अनुदान सोडावं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा ठेवली गेली अडीच लाख रुपये, आणि रक्कम तीच, १,५००. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. निराधाराला एकवीस हजारांची चाळणी आणि इतरांना अडीच लाखांची, हे ताईंना कुठल्याही अंगाने पटत नाही. त्या हे प्रत्येक बैठकीत बोलतात, निवेदनात लिहितात, तहसीलदार बदलले की नव्या तहसीलदारांनाही सांगतात.

शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल तर वाट आणखी खडतर. सरकारी मदत १ लाख रुपयांची, २००६ च्या नियमांप्रमाणे: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. इतक्या वर्षांत ही रक्कम वाढलेली नाही. ती मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, रासायनिक तपासणीचा अहवाल, कर्जाची कागदपत्रं, सातबारा हे सगळं जमवून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ठेवलं जातं. कर्ज सावकाराचं असेल आणि त्याची चिठ्ठीसुद्धा नसेल, किंवा जमीन ठोक्याने केलेली असेल, तर घर कर्जाने बुडालं हे सिद्ध कसं करणार? अपात्र ठरलेल्या घरी जाऊन ते सांगणं ताईंच्या वाट्याला येतं. त्या घरातल्या बाईला हा शब्द आपल्या नवऱ्याच्या मरणाबद्दलचा निकाल वाटतो. तिला समजावून सांगता येईल असं ताईंना अजून काही सापडलेलं नाही. त्या फक्त दुसऱ्या योजनेचा अर्ज पुढे करतात आणि पुढच्या आठवड्यात परत येतात.

जमिनीचा प्रश्न याच्याही मुळाशी आहे. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली होती. नवरा जी जमीन कसत होता तिच्यावर ४० टक्के स्त्रियांचं नाव लागलेलं नव्हतं. ताईंना त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. सातबारा सासऱ्याच्या नावावर असतो, सासरा हयात असतो, आणि "आत्ताच कशाला वाटण्या?" या एका वाक्यावर वर्षं निघून जातात. सासरा गेल्यावर वारस नोंदीच्या वेळी सुनेचं आणि नातवंडांचं नाव सुटतं. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा बाई ऊसतोडीला कर्नाटकात असते. म्हणून दिवाळीआधी, टोळ्या निघायच्या बेतात असताना, ताई तलाठी कार्यालयांचा फेरा घालतात आणि प्रलंबित फेरफार बघून घेतात. हे काम कोणत्याही देणगीदाराला दाखवण्यासारखं नाही. त्याचा फोटो निघत नाही.

ऊसतोडीचा हिशेब समजल्याशिवाय इथल्या घराचा हिशेब समजत नाही. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर उठतं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोपीत राहतं, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. उचलीतून तोडलेल्या उसाचे पैसे वजा होत जातात. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर. नवरा मेला तरी बाकी मरत नाही. आणि एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला टोळीत घ्यायला मुकादम तयार नसतो, घेतलंच तर भावाबरोबर किंवा हाताशी आलेल्या मुलाबरोबर जोडी लावतो. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा शाळेतून उठतो तो इथे. एकोणीस-वीस वर्षांची विधवा पुन्हा फडावर उभी राहते तीही इथेच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या आकड्यातल्या काही जणी ताईंच्या गावांमधल्या आहेत. तिशी-पस्तिशीतच त्यांची हाडं दुखू लागली आहेत, आणि ऊस तोडण्याखेरीज दुसरं काम गावात नाही.

अशाच एका अर्ध्या कोयत्याच्या घरात ताईंची सर्वांत लांबलेली सोबत घडली.

शेतातल्या विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून नवरा गेला. मागे पत्नी, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. मृत्यू अपघाती, त्यामुळे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख रुपये मिळू शकत होते. जमीन सासऱ्याच्या नावावर असली तरी खातेदाराच्या कुटुंबातल्या माणसाला त्यात जागा आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे मुदतीत गेला, याचं श्रेय ताई गावच्या पोलीस पाटलांना देतात. त्यांनी पंचनाम्याची प्रत स्वतः आणून दिली. पण पैसे येईपर्यंत मुकादमाची बाकी दारात उभी होती, आणि एका फायनान्स कंपनीचा आठवड्याचा हप्तासुद्धा. कर्जाच्या गटातल्या बाकीच्या बायका रोज संध्याकाळी येऊन बसत. त्या दुष्ट नव्हत्या. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना भरावा लागतो, एवढंच.

ताईंनी कर्जाचं कार्ड मागितलं. सूक्ष्म वित्त कंपन्या बहुतेक वेळा कर्ज देतानाच कर्जदार बाई आणि तिचा नवरा या दोघांचा विमा उतरवतात आणि त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतूनच कापतात. नवरा गेला तर उरलेलं कर्ज त्या विम्यातून फिटायला हवं. कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. वसुलीला येणाऱ्या तरुण पोराला कदाचित ठाऊकही नसेल. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केल्यावर हप्ता थांबला. मुकादमाची बाकी मात्र तोंडी होती, तिला ना कागद ना कार्ड. तिथे गावातल्या दोन जुन्या माणसांना मध्ये घालून, अपघाताचे पैसे आले की काही रक्कम द्यायची, आणि तोपर्यंत मुलाला फडावर न्यायचं नाही, असा शब्द घेतला गेला. हा व्यवहार न्यायाचा होता असं ताई म्हणत नाहीत. पोरगं शाळेत राहिलं, एवढंच त्या सांगतात.

मुलीचा प्रश्न वर्षभराने आला. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढची शाळा मोठ्या गावात. सरकारच्या योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसही धावतात. पण बस फाट्यावर थांबते आणि फाट्यापासून घर लांब. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. आई रात्री उशिरापर्यंत दुसऱ्याच्या शेतात. "पोरीची जात, काही झालं तर तुम्ही येणार का ताई?" असा सरळ प्रश्न चुलत्याने टाकला, आणि त्याच्याकडे स्थळ तयार होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कायद्याची भीती दाखवून एखादं लग्न थांबवता येतं, ताईंनी थांबवलीही आहेत. थांबवलेलं लग्न काही वेळा दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन लागतं. त्यामुळे चुलत्याच्या प्रश्नाला खरं उत्तर देणं भाग होतं. फाट्यापासून जाणाऱ्या मुलींचा एक गट केला गेला, त्यांना सायकली दिल्या गेल्या, आणि संध्याकाळी बसच्या वेळेला फाट्यावर थांबायची जबाबदारी गावातल्या आशा कार्यकर्तीच्या नवऱ्याने घेतली. त्याची स्वतःची मुलगी त्याच बसने यायची.

दरम्यान मुलीने आठवीत शाळेतून दिलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला होता. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बाल संगोपन योजनेचा अर्जही मंजूर झाला. तिच्यातून आता मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. या दोन रकमा घरात येऊ लागल्यावर चुलत्याच्या बोलण्यातला सूर बदलला. ताईंना यात काही विशेष वाटत नाही. ज्या घरात मुलगी खाणारं तोंड म्हणून मोजली जाते, तिथे तिच्या नावाने दरमहा पैसे येणं हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठं कारण आहे, असं त्या स्पष्ट म्हणतात.

बाल संगोपन योजनेवर त्यांचा जीव आहे, आणि त्यामागे जुना विचार आहे. मराठवाड्याने संस्थांची मदत जवळून पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलांना पुण्याला नेलं, शिकवलं. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये उभं केलेलं मानवलोक आहे, शिरूर कासार तालुक्यात आर्वीला शांतिवन आहे. ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्याग्रस्त घरांतली मुलं तिथे वाढली. त्याआधीच्या पिढ्यांत पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातल्या पोरांना आसरा दिला. या वसतिगृहांनी हजारो आयुष्यं सावरली, आणि टोळी निघून गेल्यावर गावात एकटं राहणाऱ्या मुलासाठी आजही ती हवीतच. पण आई गावात आहे, घर आहे, केवळ पैसा नाही म्हणून लेकरू उचलून दूर नेणं ताईंच्या मनाला पटत नाही. नवरा गेला त्याच वर्षी लेकरंही गेली, तर त्या बाईने कुणासाठी उठायचं? मुलाला घरातच ठेवून घराला हात देणं जास्त अवघड आहे, कारण तिथे काम संपत नाही. वसतिगृहात मुलाचा प्रवेश होतो आणि एक नोंद पूर्ण होते. घरात मात्र सासू आजारी पडते, शेळी मरते, पत्रा उडतो, आणि प्रत्येक वेळी मुलाची शाळा पणाला लागते.

शेळीचा विषय निघाला की ताई खुलतात. रोजगार म्हणून विधवांना शिलाई मशीन द्यायची जुनी पद्धत आहे. मंचावर मशीन देता येतं, फोटो चांगला येतो. गावात एक शिंपी आधीच असतो, तयार कपडे आठवडी बाजारात स्वस्त मिळतात, आणि मशीन काही महिन्यांत चादर घालून कोपऱ्यात जातं. ज्या बाईला शिवण येतं आणि जिचं गाव मोठं आहे, तिलाच ते द्यावं, असा आग्रह त्यांनी संस्थेत धरला. बाकीच्यांना उस्मानाबादी शेळ्या. ही जात याच भागातली, इथला उन्हाळा सोसणारी, पुष्कळदा जुळी करडं देणारी. मुलाच्या परीक्षेची फी आली, दवाखाना निघाला, की करडू बाजारात नेता येतं. मशीनचा तुकडा विकता येत नाही. शेळी मरण्याचा धोका आहे म्हणून लसीकरण आणि विमा संस्थेने आपल्याकडे घेतला. पहिल्या पिलांपैकी एक पाट गावातल्या दुसऱ्या गरजू बाईला द्यायची, ही अट बायकांनी स्वतःच घातली.

देणगीदारांशी ताईंचं नातं प्रेमाचं आहे, पण एका गोष्टीवर त्या हटत नाहीत. मदत घेणाऱ्या बाईचा, हातात पाकीट धरलेला फोटो त्या देत नाहीत. एका मोठ्या देणगीदाराने तो मागितला, नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षीची देणगी आली नाही. त्या वर्षी वह्या कमी वाटल्या गेल्या. दुसरीकडे पुण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका दरवर्षी एका मुलीचा खर्च देतात, आणि फोटोऐवजी तिची गुणपत्रिका मागतात; कमी मार्क पडलेल्या विषयाचा अभ्यास फोनवरून घेतात. अशा देणगीदारांमुळे काम टिकतं.

सगळी घरं सावरली असं नाही. एका घरातला मोठा मुलगा दहावीच्या आधीच चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला गेला, शिष्यवृत्ती, पुस्तकं, समजूत काहीही उपयोगी पडलं नाही. आईच्या दवाखान्याचा खर्च त्याला दिसत होता आणि त्याला थांबायचं नव्हतं. तो आता घरी पैसे पाठवतो. धाकट्या बहिणीने शिकावं म्हणून तोच ताईंना फोन करतो, तिच्या फीची तारीख आधी त्याला माहीत असते.

अर्ध्या कोयत्याच्या त्या घरातली मुलगी बारावी विज्ञान पास झाली आहे. तिला नर्सिंगला जायचं आहे, शक्यतो अंबाजोगाईला, म्हणजे शनिवारी घरी येता येईल. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीची नोंद अपुरी आहे. चुलत्याच्या मुलाने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला तेव्हा त्याचं वैधता प्रमाणपत्र निघालं होतं; रक्ताच्या नात्यातलं ते प्रमाणपत्र जोडलं तर तिचं काम पुष्कळ सोपं होईल. पण मधल्या काळात सासरे वारले, वारस नोंदीत सुनेचं नाव लागावं म्हणून ताईंनी हरकत नोंदवली, आणि चुलत्याने बोलणं टाकलं होतं.

ताई त्याच्या घरी गेल्या त्या मुलीच्या आईला आणि आजीला सोबत घेऊन. जमिनीचा विषय कोणी काढला नाही. आजी म्हणाली, "तुझ्या भावाची लेक दवाखान्यात लागली तर म्हातारपणी मला सुई टोचायला घरचंच माणूस होईल." चुलता बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याच्या बायकोने आतून फाईल आणून दिली. झेरॉक्स काढायला गावात वीज नव्हती, म्हणून ताईंनी ती केजला नेली, आणि मूळ कागद त्याच दिवशी संध्याकाळी परत पोचवला. अर्ज जात पडताळणी समितीकडे दाखल झाला आहे. प्रवेशाच्या मुदतीआधी प्रमाणपत्र हाती यावं, यासाठी बीडच्या कार्यालयात पाठपुरावा सुरू आहे. नर्सिंगचा गणवेश, मेसचे सहा महिन्यांचे पैसे आणि वसतिगृहाची अनामत कुठून उभी करायची, याची यादी ताईंनी पुण्याला पाठवून दिली आहे.